वडील मंडळींचा मुक्काम

पश्चिम जपानात अंतर्समुद्राच्या काठी ओनोमिची नावाचे एक बंदराचे गाव आहे. तेथील एका घरात एक वृद्ध जोडपे प्रवासाची बांधाबांध करीत बसले आहे. मुलांना भेटावयास टोकियोला जावयाचे आहे. प्रवासात उपयोगी पडणारी फुगवावयाची उशी मात्र सापडत नाही. ती तुमच्याकडेच दिली होती, असे म्हातारी म्हणते. छे, मजकडे नाही, असे म्हातारा म्हणतो. थोड्या वेळाने उशी त्याच्याच सामानात निघते. ती सापडल्याचे तो सांगतो, तीही मान डोलावते, आणि बांधाबांध पुढे चालू होते. कोणी कोणास हिणवीत नाही, की जिंकल्याचा आनंदही मानीत नाही. यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाचा 'टोकियो मोनोगातारी', म्हणजे टोकियोची कथा, हा बोलपट असा सुरू होतो. ३ नोव्हेंबर १९५३ रोजी तो जपानात प्रथम प्रदर्शित झाला. आज जगातील मोजक्या श्रेष्ठ बोलपटांत त्याची गणना होते. परंतु पाश्चात्त्य देशांत त्याची नीट ओळख पटावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि अमेरिकेत तर तो १९७२ मध्ये पोहोचला.

विद्यार्थिदशेत एका चित्रपटमंडळाच्या खेळाला बसून मी तो पाहिला तेव्हा, खरे सांगावयाचे तर, मला डुलकी लागली होती. काही घडतच नाही, असे वाटले. अलीकडे तो पुन्हा आठवण्याचे निमित्त ओवे गावात झाले. ओवे हे पनवेल तालुक्यातील जुने गाव. त्याच्या भोवती आता खारघर हे नवे शहर उभे राहिले आहे. गावठाणातल्या एका ओटीवर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे निघाले असता तो सहज म्हणाला, "पोरे काही लांब नाही गेली, रस्त्याच्या पल्याड गेली, पण यायला सण लागतो." एवढे बोलून त्याने पावसाचा विषय काढला. त्या विषय बदलण्यात मला ओनोमिचीचा म्हातारा स्पष्ट दिसला. ओव्याकडे मी परत येणारच आहे. पण अगोदर त्या जपानी घराची हकीकत सांगितली पाहिजे.

म्हाताऱ्याचे नाव शुकिची, म्हातारीचे तोमी. थोरला मुलगा टोकियोच्या एका उपनगरात डॉक्टर आहे, थोरल्या मुलीचे केशभूषेचे दुकान आहे, एक मुलगा ओसाकास रेल्वेत आहे. धाकटी मुलगी शाळेत शिकविते व आईबापांपाशीच राहते. मधला मुलगा युद्धात गेला. त्याची विधवा नोरिको टोकियोत कचेरीत नोकरी करून एका खोलीत राहते. डॉक्टर मुलाचे घर आपल्या कल्पनेतल्यासारखे मोठे नाही, हे आईबापांस पहिल्याच दिवशी कळते. आजीआजोबांना जागा करण्यासाठी नातवाचे लिहावयाचे मेज उचलून बोळात ठेवावे लागते, आणि तो पोर त्यावरून रुसतो. रविवारी शहर पाहावयास न्यावयाचे ठरते, तोच एका आजारी मुलाकडून बोलावणे येते. मुलीच्या घरी दुकानाचा व्याप. जावई सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणतो, तर एवढी महागाची कशाला, असे मुलगी म्हणते. गिऱ्हाईक हे कोण म्हणून विचारते तेव्हा, गावाकडची ओळखीची माणसे आहेत, असे ती सांगते. अखेर भाऊबहीण मिळून पैसे घालतात आणि आईबापांना आतामी येथील उष्णोदकाच्या ठिकाणी धाडतात. त्यात खर्चही कमी, सोयही मोठी! तेथे रात्रभर तरुण मंडळींचा जुगार आणि गाणी चालतात. म्हाताऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. ते लवकर परततात, तर मुलीच्या घरी त्या रात्री केशभूषाकारांची सभा भरावयाची आहे. आपण आता बेघर झालो, असे म्हातारा हसत म्हणतो. म्हातारी सुनेच्या खोलीत निजावयास जाते. म्हातारा जुन्या मित्रांबरोबर मद्यपान करून मध्यरात्री पोलिसाच्या सोबतीने मुलीच्या दारी येतो. परतीच्या प्रवासात म्हातारी आजारी पडते, आणि घरी पोहोचल्यावर काही दिवसांतच जाते.

सारी कथा एवढीच. संबंध बोलपटात आईबापांवर कोणी आवाज चढवीत नाही. मुले वाईट नाहीत. डॉक्टर मुलगा खरोखरच रोग्याकडे गेलेला असतो. मुलगी तिखट जिभेची असली तरी आई गेल्यावर तीच सर्वांत आधी हुंदके देते, आणि थोड्याच वेळाने आईचा अमुक ओबी व तमुक वस्त्र आठवण म्हणून आपणांस हवे असे सांगून मोकळी होते. दुःख आणि हिशेब यांमध्ये तिच्या मनात भिंत नाही. आपल्यापैकी कितीकांच्या मनात असते? मुलांनी टोकियोहून निघतानाच सुतकाची वस्त्रे बरोबर घ्यावी की काय, याचा विचार केलेला असतो. नोरिकोने ती आणलेली नसतात. प्रेक्षक या खुणा टिपतो. दिग्दर्शक त्यांवर बोट ठेवीत नाही. धाकटी मुलगी भावंडांवर चिडते, तेव्हा नोरिकोच तिची समजूत घालते की, वय वाढले म्हणजे प्रत्येकाचा संसार वेगळा होतो, मीही तशी होईन. आणि म्हातारा आपल्या मित्रांजवळ कबूल करतो की, मुलाकडून माझीही अपेक्षा जास्त होती. परंतु तो आपला आईबापांचाच लोभ.

ही कथा सांगणाऱ्या गृहस्थाचे स्वतःचे घर कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. ओझूचा जन्म १२ डिसेंबर १९०३ चा, मृत्यू १२ डिसेंबर १९६३ चा. बरोबर साठ वर्षे. वडील टोकियोत खताचे व्यापारी. पण मुलांना घेऊन आई मात्सुसाका या मूळ गावी राहिली, आणि वडील व्यापारासाठी टोकियोतच. ओझूचे वय दहाच्या सुमाराचे असताना ही ताटातूट सुरू झाली, ती तो वीस वर्षांचा होईपर्यंत चालली. पुढे त्याने लग्न केले नाही. तो आईजवळ राहिला आणि १९६२ साली तिचा अंत झाल्यावर दीड-दोन वर्षांतच स्वतः गेला. ज्याने जन्मभर मुलींच्या लग्नांची आणि मुलांच्या वेगळ्या बिऱ्हाडांची चित्रे काढली, त्याने स्वतः ना लग्न केले, ना बिऱ्हाड वेगळे केले! त्याच्या थडग्यावर नाव नाही. 'शून्य' किंवा 'अभाव' अशा अर्थाचे एकच अक्षर आहे.

'टोकियो मोनोगातारी' एकाएकी सुचलेला नव्हे. १९३६ साली ओझूने आपला पहिला बोलका चित्रपट काढला, त्याचे नाव 'एकुलता एक मुलगा' अशा अर्थाचे आहे. मला तो अधिक जिव्हारी लागतो. शिन्शू प्रांतातील रेशमाच्या गिरणीत राबणारी एक विधवा, मास्तरांनी भरीस घातल्यामुळे, आपल्या मुलास शिकावयास पाठविते. तेरा वर्षांनी ती त्याला भेटावयास टोकियोला येते. मुलगा रात्रीच्या शाळेत मास्तर झालेला आहे. शहराच्या उकिरड्याच्या कडेला बिऱ्हाड, बायको आणि तान्हे मूल. लग्नाचेही त्याने आईला कळविलेले नाही. आईला चार ठिकाणे दाखविण्यासाठी तो उसने पैसे आणतो. ज्यांनी शिकण्याचा आग्रह धरला ते मास्तरही मोठ्या आशेने टोकियोस आलेले. ते आता डुकराच्या मांसाचे तळीव विकतात. मुलगा अखेर निराशेने बोलतो, तेव्हा आई सांगते की, तुझ्या शिक्षणापायी घर गेले, तुतीची जमीन गेली, मी गिरणीच्याच निवासात राहते. परत गेल्यावर सोबतिणीजवळ ती मुलाची थोरवी गाते, आणि मग गिरणीच्या मागे जाऊन एकटी बसते. १९३६ मधील हे कथानक रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या कोणत्याही घरातले म्हणून खपेल. शेत गहाण टाकून मुंबईला शिकविलेला मुलगा, गिरगावातली दहा बाय बाराची खोली, आणि सणाच्या सुट्टीत आईला राणीची बाग दाखविण्यासाठी सोबत्याकडून घेतलेले दहा रुपये, हे सारे आपण ओळखतो.

१९४१ च्या 'तोदा घराण्यातील भावंडे' या बोलपटात वडील वारल्यावर आई आणि धाकटी मुलगी एका भावंडाकडून दुसऱ्याकडे पोहोचविल्या जातात. १९४२ च्या 'होते एक वडील' यात शिक्षक बाप आणि मुलगा जन्मभर एकत्र राहण्याची वाट पाहतात आणि ते जमत नाही. १९४९ च्या 'सरता वसंत' यात बापाला सोडून लग्न करावयास मुलगी तयार नसते, म्हणून बाप आपणच पुन्हा लग्न करीत असल्याचे खोटे सांगतो. मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या घरात फळ सोलीत बसतो. या सर्वांत भांडणाचा प्रसंग विरळच.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडतो. ही घरे इतकी शांतपणे का मोडतात? जपानी स्वभावाकडे बोट दाखवून हा प्रश्न सोडविणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. ज्या १९५३ साली ओझूचा बोलपट आला त्याच साली किनोशिता या दिग्दर्शकाने 'जपानी शोकांतिका' नावाचा बोलपट काढला. त्यात युद्धानंतरच्या हलाखीत देह झिजवून वाढविलेली मुले आईला झिडकारतात आणि ती आगगाडीखाली जीव देते. तेव्हा जपानलाही टाहो फोडता येत होता.

मला उत्तर कायद्यात दिसते. १८९८ च्या जपानी दिवाणी संहितेने 'इए', म्हणजे घराणे, ही संस्था कायद्याने उभी केली होती. घराण्याला एक प्रमुख. घरातील माणसांच्या लग्नास त्याची संमती लागे. शिवाय तीस वर्षांच्या आतील पुरुषाला व पंचवीस वर्षांच्या आतील स्त्रीला लग्नासाठी आईबापांची संमती हवी. वारसा थोरल्या मुलाकडे जावयाचा आणि म्हातारपणाचा भारही त्याच्याकडेच. युद्धातील पराभवानंतर ही संहिता बदलली. १ जानेवारी १९४८ पासून घराण्याचा प्रमुख कायद्याच्या पुस्तकातून नाहीसा झाला आणि मुलांचा वारसा समान झाला. नातलगांस पोसण्याची जबाबदारी राहिली, पण अधिकार गेला. शुकिची आणि तोमी टोकियोस जातात ते यानंतर सहा वर्षांच्या आत. त्यांचा डॉक्टर मुलगा जुन्या संहितेत वाढलेला व नव्या संहितेत वावरणारा थोरला मुलगा आहे. वडिलांनी हुकूम करावा असे वडिलांस वाटत नाही. मुलाने तो मोडला असेही म्हणता येत नाही. कर्तव्य कायद्यातून निघून नुसते मनात उरले आहे, आणि मनातल्या कर्तव्याबद्दल दाद कोणाकडे मागावयाची? ओझूच्या घरातील शांतता म्हणजे जिला न्यायालय उरलेले नाही अशा तक्रारीची शांतता होय.

आता आपल्याकडे वळू. 'टोकियो मोनोगातारी'नंतर एकाच वर्षाने, १९५४ साली, राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' हा मराठी बोलपट आला. लेखन ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, आणि म्हाताऱ्या शिक्षकाची भूमिका खुद्द परांजप्यांची. जन्मभर दुसऱ्यांची व स्वतःची मुले घडविलेला शिक्षक आणि त्याची पत्नी यांच्यावर उतारवयात मुलांच्या घरी, तेही एकमेकांपासून दूर, राहण्याची पाळी येते. योगायोग असा की, या दोन्ही चित्रांची आजी एकच आहे. १९३७ साली अमेरिकेत लिओ मॅकॅरी या दिग्दर्शकाने 'मेक वे फॉर टुमॉरो' हा बोलपट काढला होता. त्यात घर बँकेच्या ताब्यात गेल्यामुळे म्हातारा एका मुलाकडे, म्हातारी दुसऱ्याकडे, अशी वाटणी होते. तो चित्रपट पैशाच्या दृष्टीने पडला. पुढे त्याच वर्षीच्या एका विनोदी चित्रासाठी मॅकॅरीला ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा ते चुकीच्या चित्राला दिले असे तो म्हणाला, असे सांगतात. ओझूने हा चित्रपट पाहिला नव्हता. त्याचा सहलेखक कोगो नोदा याने पाहिला होता, आणि तोच त्यांच्या कथेचे बीज ठरला. 'ऊन पाऊस'च्या कथेचा सांगाडाही त्याच अमेरिकन चित्राशी जुळतो. १९५८ मध्ये त्यावरून कानडीत 'स्कूल मास्टर' निघाला, तेथून तो इतर भारतीय भाषांत गेला, आणि २००३ च्या 'बागबान' या हिंदी चित्रातही त्याच आजीचा चेहरा ओळखू येतो.

एका बीजाची दोन झाडे इतकी वेगळी का वाढली? नोदा आणि ओझू यांनी मूळ कथेतून एक गोष्ट काढून टाकली, ती म्हणजे पैसा. शुकिचीचे घर कोणी जप्त करीत नाही. तो मुलांकडे आश्रय मागावयास जात नाही. तो पाहुणा आहे आणि आपल्या पैशाने परत जाणार आहे. पैसा काढला की अपराध काढला, आणि अपराध काढला की अपराधी उरत नाही. मराठी आणि नंतरच्या भारतीय रूपांनी पैसा ठेविला. आईबाप निष्कांचन, मुले कमावती, सुना ताठ. मग प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावर बसणार हे ठरलेलेच. कृतघ्न मुलगा आणि कृतज्ञ परका, ही जोडी त्या कथेला पुढे इतकी चिकटली की तिच्यावाचून ती सांगताच येईना.

रंगभूमीने हीच वाट पत्करली, आणि मोठ्या वैभवाने पत्करली. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० च्या डिसेंबरात श्रीराम लागू यांच्या प्रमुख भूमिकेने रंगमंचावर आले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा आधार घेऊन त्यांनी अप्पासाहेब बेलवलकर हा निवृत्त नट उभा केला, आणि राज्याच्या जागी घर व ठेवी आल्या. जपानच्याच अकिरा कुरोसावाने १९८५ साली 'रान' या चित्रात 'लिअर'च घेतला; पण त्याने तो मध्ययुगीन सरदारांच्या काळात नेला आणि मुलींच्या जागी मुलगे केले. लिअरची गर्जना सध्याच्या बैठकीच्या खोलीत ऐकू यावी असे जपान्यास वाटले नाही; आम्हांस वाटले, आणि तीन पिढ्या प्रेक्षक त्या गर्जनेला डोळे पुसत आले. मी त्यांतलाच एक आहे. तरी घरी परतताना मनात येई की, हे आमच्या आळीत असे कधी झालेले नाही. आमच्या आळीत कोणी गर्जना करीत नसे. आमच्या आळीत सारे जेवणाच्या पानावर गप्प बसत.

ही गप्प बसण्याची रीत मराठी घरात किती जुनी आहे, याचा पुरावा १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यास न्यायाधीश होते. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न लाविले. रानड्यांनी लग्न पुढे ढकलावे म्हणून विनविले, वडील ऐकेनात, आणि ज्याच्या शब्दाकडे साऱ्या सुधारकांचे डोळे लागलेले, तो विद्वान मुलगा बोहल्यावर उभा राहिला. बाहेर त्याची छी-थू झाली. पुढे विष्णुशास्त्री पंडित, ज्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला होता, ते पुण्यास आले असता रानड्यांनी त्यांना घरी जेवावयास बोलाविले. वडील दुखावले आणि सारी मंडळी घेऊन कोल्हापुरास निघून जाण्याच्या तयारीला लागले. मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. बराच वेळ ना बाप बोलला, ना मुलगा. अखेर, आपण जाणार तर मीही नोकरी सोडून आपल्याबरोबर येतो, असे रानडे म्हणाले, आणि वडील राहिले.

या प्रसंगाकडे मी पुनःपुन्हा येतो. विद्यार्थ्यांपुढे तो ठेवला की त्यांचे दोन तट पडतात: रानडे भित्रे होते, किंवा रानडे पितृभक्त होते. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. तेथे दोन माणसे एकमेकांवर प्रेम करीत होती, दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पूर्णपणे कळलेले होते, आणि दोघांपैकी कोणालाही माघार घेण्याजोगी जागा उरलेली नव्हती. म्हणून ते उभे राहिले. ओझूने हा प्रसंग घेतला असता तर तो बसल्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवर कॅमेरा ठेवून नुसता थांबला असता. आमच्या नाटककाराने घेतला असता तर वडिलांना एक आणि मुलाला एक, अशी दोन स्वगते दिली असती. आठवणी लिहिणाऱ्या रमाबाईंनी मात्र ओझूचाच मार्ग धरलेला आहे. निकाल त्या देत नाहीत; पाहिले ते सांगतात. आपल्या साहित्यात घरातले मौन स्त्रियांच्या आत्मकथनांत जपले गेले आणि रंगमंचावर ते कर्कश झाले, असे माझे मत आहे. मतभेदास जागा आहे, हे मान्य करतो.

याचे कारण मला पुन्हा कायद्यातच दिसते. जपानने जुन्या घराण्याचा कायदा पुसला त्याच सुमारास आपण कुटुंबाचे कर्तव्य कायद्याने पक्के करीत होतो. १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याने वृद्ध व निर्धन आईबापांस पोसणे ही हिंदू मुलांची व मुलींची जबाबदारी ठरविली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईबापांस पोटगी मागण्याचा मार्ग दिला. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. कल्याण येथील एका डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी असा दावा केला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मुलगी विवाहित असली तरी तिच्यावरही ही जबाबदारी येते असा निर्णय १९८७ मध्ये झाला. २००७ च्या कायद्याने तर सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, मुलाने सांभाळले नाही तर परत मागता येते. आता म्हाताऱ्यास प्रांताधिकाऱ्यापुढे जाता येते. कायदा चांगला आहे, ज्यास भाकरी मिळत नाही त्यास तो अत्यावश्यक आहे. परंतु रविवारी मुलगा आला नाही, याची नोंद कोणत्या प्रांतसाहेबाने करावी? जेथे कायदा आहे तेथे कथेलाही वादी-प्रतिवादी लागतात. ज्या दुःखाला वादी-प्रतिवादी नाहीत ते आपल्या कथेच्या दाराबाहेर उभे राहते.

ओव्याच्या ओटीवरचे दुःख त्याच जातीचे आहे. 'सिडको'ची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या घरांचा पाया एका पिढीत हलला. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे जासई-दास्तान येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच माणसे गेली. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना आली. 'साडेबारा टक्के' हा शब्द या भागात आज घराघरात आहे, आणि त्याच्याबरोबर वारस नोंद, फेरफार, हक्कसोडपत्र हे शब्दही. पूर्वी बापाच्या जमिनीत मुले राबत. आता बापाच्या नावावरील भूखंडाच्या कागदावर मुलांच्या आणि सासरी गेलेल्या मुलींच्या सह्या लागतात. बहिणीने सही केली तर ती माहेराला धरून राहिली, नाही केली तर लोभी ठरली. सही करून जाताना ती काय घेऊन जाते, हे कोणी विचारीत नाही. ओनोमिचीची मुलगी निदान आईचा ओबी मागून मोकळी झाली होती.

ओनोमिचीच्या म्हाताऱ्यास मुलांचे शहर पाहण्यासाठी रात्रभर गाडीत बसावे लागले. ओव्याच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत शहरच त्याच्या बांधापर्यंत चालून आले. मुलगा गेला तो फार तर एका रुंद रस्त्यापलीकडे, उद्वाहन असलेल्या इमारतीत. प्रवास नाही, म्हणून भेटीला मुक्कामाचे रूप नाही. मुक्काम नाही, म्हणून निरोपही नाही. जपानी आईबापांना निदान परतीच्या वाटेवर एकमेकांकडे पाहून, आपली मुले पुष्कळांच्या मुलांपेक्षा बरी आहेत, असे म्हणून घेण्याचा अवसर मिळाला. येथे रोज संध्याकाळी मुलाच्या खिडकीतला दिवा दिसतो. मुलाकडे जावयाचे तर दाराशी पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहावयाचे, आणि भेटीचे कारण या रकान्यात काय लिहावे, हा त्या शेतकऱ्याचा प्रश्न होता. हे त्याने हसून सांगितले. पावसाचा विषय त्यानंतर निघाला.

इतके दुसऱ्यांविषयी लिहिल्यावर स्वतःविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे. माझे वडील दर उन्हाळ्यात कोकण रेल्वेने येऊन पनवेलास उतरत व आमच्याकडे पंधरा दिवस राहत. २००९ सालच्या खेपेस त्यांच्यासाठी जागा करावी म्हणून माझे लिहावयाचे मेज आम्ही खोलीतून काढून जिन्याजवळ नेले होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस. मी मेजाशी, ते खोलीत. एका विद्यार्थ्याबरोबर मी त्यांना मुंबई पाहावयास धाडले आणि आपण कर्तव्य केले असे मानले. आठव्या दिवशी ते म्हणाले की, आंब्यांवर लक्ष ठेवावयास हवे, अलीकडचे तिकीट मिळते का पाहा. आंबे त्या वर्षी उतरून झालेले होते, हे मला ठाऊक होते. आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते. मी तिकीट काढून आणले. ते गेल्यावर मेज परत खोलीत आणले, तेव्हा त्यांच्या उशीखाली रेल्वेच्या वेळापत्रकाचे एक पान सापडले. परतीच्या गाड्यांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या, आणि पहिली खूण ते आल्याच्या तिसऱ्या दिवसाच्या गाडीवर होती.